पैसे भरूनही गाण्यांच्या ॲपमध्ये जाहिरात का?

प्रश्न असा आला आहे: "जाहिराती नकोत म्हणून मी गाण्यांच्या एका ॲपला वर्षाचे पैसे भरतो. तरी ॲप उघडलं की नव्या सिनेमाचं पोस्टर तोंडावर. आईसाठी नाट्यगीतांची यादी केली होती, त्यातली निम्मी गाणी फिकी पडली आहेत, वाजतच नाहीत. तिचं आवडतं एक जुनं भावगीत परवा टीव्हीवरच्या जाहिरातीत ऐकलं, दिवसभर चिडली होती. वर सदस्यत्वाचे पैसे न विचारता पुन्हा कापले. मी भरतो ते गाणाऱ्यांना तरी मिळतं का? मिळत नसेल, तर टेलिग्रामवरून उतरवून घेतलं तर काय बिघडलं?"

मी गाण्यांच्या हक्कांचं काम करतो. आधी एका रेकॉर्ड कंपनीच्या लायसन्सिंग विभागात होतो, आता छोटे निर्माते आणि जुन्या गीतकार-संगीतकारांचे वारस यांची कागदपत्रं बघतो. त्यामुळे उत्तर आतल्या माणसाचं आहे, आणि काही ठिकाणी तुम्हाला ते रुचणार नाही.

तुम्ही चार तक्रारी एका दमात लिहिल्यात. पोस्टर लावणारा, गाणं काढून घेणारा, भावगीत जाहिरातीला देणारा आणि पैसे कापणारा ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत, म्हणून एकाच दारात सगळा राग काढला की हाती काही लागत नाही. पण जाहिरातीचाच तुम्हाला राग असेल असं मला वाटत नाही. अमुक गोष्ट जाहिरात आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि जे विकत घेतलं असं वाटत होतं ते विकत घेतलेलंच नव्हतं, ही खरी बोच आहे. ती रास्त आहे.

गाणं आणि जाहिरात आपल्याकडे कधीच फार लांब नव्हती. सिनेमाचं गाणं हीच मुळात सिनेमाची जाहिरात. पन्नासच्या दशकात यावरून मोठा तंटा झाला. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीचं म्हणणं असं, की गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगितलं तर ती फुकटची जाहिरात होते; निर्माते म्हणाले, नाव सांगणार नसाल तर गाणी मिळणार नाहीत. सिनेसंगीत आटलं आणि श्रोता उठून रेडिओ सिलोनवर गेला. तिथे १९५२ मध्ये सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' टूथपेस्टच्या पैशांवर चालायची आणि टूथपेस्टचं नाव कार्यक्रमाच्या नावातच होतं. अमीन सायानींच्या आवाजावर जीव टाकणाऱ्या कोणालाही आपण फसवले गेलो असं वाटलं नाही. पुढे १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्याही गाण्याच्या आधी किंवा नंतर, ऐकताक्षणी ओळखू येतील अशा. दारावर पाटी होती. आज घर तेच आहे, पाटी काढून टाकली आहे.

आता पोस्टर. रेकॉर्ड कंपनी आणि ॲप यांची बोलणी होतात तेव्हा विषय फक्त एका ऐकण्यामागे किती पैसे एवढाच नसतो. एक किमान रक्कम आधी ठरते, तिला आमच्या धंद्यात सरसकट एमजी (मिनिमम गॅरंटी) म्हणतात, आणि तिच्या शेपटाला प्रसिद्धीच्या अटी असतात: अमुक सिनेमाला पहिल्या पडद्यावर इतके दिवस जागा, तमुक यादीत वरचं स्थान. हे करार गोपनीय असतात आणि प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा, म्हणून तुमच्या ॲपचा करार कसा असेल ते मी सांगू शकत नाही. पण प्रसिद्धीचं एकही कलम नाही असा मोठा करार माझ्या पाहण्यात विरळाच. थोडक्यात, ते पोस्टर ॲपच्या हिशेबात जाहिरात नाहीच, मालाच्या किमतीचा भाग आहे. सदस्य होताना मान्य केलेल्या अटी उघडून बघा. बहुतेक ठिकाणी वचन एवढंच असतं की गाण्यांच्या मध्ये जाहिरात वाजणार नाही. पॉडकास्टमधली जाहिरात, पडद्यावरचं चित्र, रात्री दहाला येणारं नोटिफिकेशन, हे सगळं त्या वचनाच्या कुंपणाबाहेर.

मला स्वतःला पोस्टरपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. पोस्टर निदान दिसतं. तुमची यादी संपल्यावर ॲप आपणहून जी गाणी वाजवतं, तिथलं बघा. स्पॉटिफायने २०२० मध्ये 'डिस्कव्हरी मोड' नावाची सोय जाहीर केली. कंपनी किंवा कलाकार आपलं गाणं त्यासाठी निवडतो, ते आपोआप वाजणाऱ्या रांगेत पुढे सरकण्याची शक्यता वाढते, आणि त्या वाटेने जे ऐकलं जाईल त्याच्या रॉयल्टीतून, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल हक्कधारकाला मिळणाऱ्या मोबदल्यातून, ३० टक्के कमिशन ॲप कापून घेतं. रोख पैसे कोणी कोणाला दिले नाहीत, पण व्यवहार झाला. अमेरिकेत रेडिओवाल्यांना पैसे चारून गाणी वाजवण्याच्या प्रकाराला पेओला म्हणतात. १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेत त्यावर गाजलेली चौकशी झाली आणि कायद्यात दुरुस्ती झाली: पैसे घेऊन वाजवत असाल तर श्रोत्याला तसं सांगा. तो नियम रेडिओ-टीव्हीचा. ॲपच्या रांगेत पुढे आलेल्या गाण्यावर 'हे पुढे आणलं आहे' असं लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

रीलचंही तेच. गाण्यातला पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा आधी ठरतो, तो नाचणाऱ्यांकडे जातो, सोबत मानधन आणि कुठली स्टेप करायची त्याची सूचना. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहायला हवं. साबण-क्रीमच्या बाबतीत ते थोडंफार पाळलं जातं. गाण्यांच्या बाबतीत मला क्वचितच दिसतं.

फिकी पडलेली नाट्यगीतं. याची कारणं दोन, आणि तुमच्या बाबतीत दुसरं असण्याची शक्यता जास्त वाटते. पहिलं कारण म्हणजे करार संपणं. २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचं जमेना तेव्हा शेकडो हिंदी गाणी ॲपवरून गेली होती, करार झाल्यावर परत आली. तसं असेल तर त्या कंपनीची सगळीच गाणी एकदम जातात. पण तुम्ही म्हणता निम्मी गेली, निम्मी आहेत. म्हणजे बहुधा तेच रेकॉर्डिंग जुन्या अल्बममधून काढून नव्या संकलनात चढवलं गेलंय. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, आयएसआरसी. नव्याने चढवताना क्रमांक बदलला की ॲपच्या लेखी ते नवं गाणं होतं आणि तुमच्या यादीत जुन्याचं कलेवर राहतं.

मराठी जुन्या गाण्यांची नोंद किती गचाळ असते हे बाहेर कोणाला सांगून पटत नाही. एका वारसांसाठी रॉयल्टीचं पत्रक तपासत होतो. हजारो ओळींची एक्सेल शीट, प्रत्येक ओळीत पैशाचा काही भाग. एकच नाट्यपद रोमन लिपीत चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी चार ठिकाणी. एका ठिकाणी गायिकेच्या जागी कंपनीचंच नाव. आणि एका ठिकाणी संगीतकाराच्या रकान्यात लिहिलेलं 'ट्रॅडिशनल'. त्या एका शब्दाने संगीतकाराच्या घरी जायचे पैसे अडतात, कारण परंपरेचं बँक खातं नसतं. असो. तुम्ही गाण्याच्या ओळीऐवजी नाटकाचं नाव आणि गायकाचं नाव टाकून, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा. हरवलेल्यांपैकी बरीच सापडतील.

भावगीताची जाहिरात. इथे तुमच्या आईची चीड मला पूर्ण समजते, पण दोष कोणाचा हे करार बघितल्याशिवाय ठरत नाही. एका गाण्यात निदान दोन स्वतंत्र मालमत्ता असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रिका. जाहिरातीत मूळ मुद्रिका वापरली तर दोन्हींची परवानगी लागते. नीट ऐका, मूळ आवाज आहे की कोणाकडून पुन्हा गाऊन घेतलंय? पुन्हा गाऊन घेतलं असेल तर मूळ मुद्रिकेचा संबंधच संपतो, आणि ज्या आवाजासाठी तुमच्या आईने ते गाणं जपलं त्या आवाजाला कोणी विचारण्याची गरजच उरत नाही.

सिनेगीतांच्या बाबतीत हे आणखी एकतर्फी होतं. १९७७ मध्ये आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी करून घेतलेल्या शब्द-संगीताचा मालक निर्माता. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालात जोडलेल्या टिपणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पदरी काही पडत नाही याकडे लक्ष वेधलं होतं. कायदा बदलायला २०१२ उजाडलं. त्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर हिरिरीने बोलले. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराने हक्क विकले तरी रॉयल्टीतला वाटा त्याला सोडून देता येत नाही, म्हणजे तसं सहीनिशी लिहून घेतलं तरी ते चालत नाही. गायकांनाही कलावंत म्हणून रॉयल्टीचा हक्क त्याच दुरुस्तीने दिला. पण तुमच्या आईच्या पिढीची गाणी त्याआधीची, बहुतेकांचं मानधन एकरकमी चुकतं झालेलं. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात साठच्या दशकात अबोला धरण्याइतकं बिनसलं ते याच रॉयल्टीवरून, एवढा हा प्रश्न जुना.

श्रोत्याला मात्र कायद्याने नकार देण्याची जागा नाही. कलाकृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येते म्हणून आक्षेप घेण्याचा हक्क लेखक-संगीतकाराला आहे, त्यांच्यामागे वारसांना. तुम्ही उत्पादकाला पत्र लिहू शकता. त्याने काही होत नाही असं समजू नका. जाहिरात एजन्सीत अशा पत्रांची धास्ती न्यायालयाच्या नोटिशीइतकीच असते.

आता पैशांचं. ॲपच्या मिळकतीतला मोठा भाग, ढोबळमानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास, हक्कधारकांना जातो. म्हणजे 'ॲपवाला सगळं खातो' हे खरं नाही. गोम वाटपात आहे. समजा एका ॲपला दोनच ग्राहक आहेत, तुम्ही आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा. दोघांनी १०० रुपये भरले. ॲपने ३०-३० ठेवले, वाटायला राहिले १४०. तुम्ही महिन्यात २० नाट्यगीतं ऐकलीत, त्याने दिवसरात्र चालू ठेवून १,९८० गाणी. एकूण २,०००. तुमच्या नाट्यगीतांच्या वाट्याला येतो १४० चा शंभरावा भाग, १ रुपया ४० पैसे. तुमच्या १०० रुपयांतले ६८ रुपये ६० पैसे त्याच्या आवडीच्या रॅपला गेले. लबाडी कोणी केली नाही, सगळे पैसे एका हंड्यात ओतून ऐकण्याच्या संख्येने वाटायचे असा नियमच आहे. प्रत्येकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायचे, ही पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी सुरू केली, पण मोठ्या ॲपनी ती घेतली नाही. भर म्हणून स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मुद्रिकेची रॉयल्टीच नाही. दुर्मीळ नाट्यपदांची गत काय होणार ते तुम्हीच बघा.

म्हणून माझं मत सरळ आहे: सदस्यत्वाचे पैसे सोयीसाठी भरा, कलाकाराला मदत होते म्हणून भरू नका. प्रवासात, स्वयंपाक करताना, नवं काही चाखून बघायला ते उत्तम आहे. जे गाणं आयुष्यभर हवंय ते ॲपवर ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर बसणं. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली फाइल कुलूपबंद असते, सदस्यत्व संपलं की मुकी. आणि ॲप स्वतःच जातात: रेसो २०२४ च्या जानेवारीअखेर भारतात बंद झालं, त्याच वर्षी विंकही गुंडाळलं गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या.

टेलिग्रामबद्दल. बेकायदा आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर प्रवचन देत नाही. पण तुमच्या मूळ दुखण्यावर ते औषध नाही. तिथल्या फायली बहुधा पुन्हा पुन्हा दाबलेल्या, नावं चुकलेल्या, तंबोरा ऐकू येणार नाही अशा. आणि हेही सांगायला हवं की आपल्याला गाणी विकत घ्यायची संधी मिळाली होती. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं दुकान काढलं, काही रुपयांना एक गाणं, कुलूप नसलेली फाइल, कायमची तुमची. २०१३ च्या जूनमध्ये ते बंद झालं, कारण गिऱ्हाईक आलं नाही. पुढे २०१७ मध्ये सारेगामाने ५,००० गाणी भरलेला, इंटरनेट न लागणारा 'कारवां' काढला आणि लोकांनी काही हजार रुपये मोजून तो आईवडिलांसाठी उचलला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. वृद्ध माणसाला बटण दाबलं की गाणं हवं असतं, मध्ये पोस्टर नको, हे त्या पेटीने सिद्ध केलं. तुमच्या आईसाठी मी तीच किंवा तसलीच एखादी पेटी सुचवेन. त्यात नसलेल्या नाट्यपदांसाठी जुन्या सीडी शोधा. पुण्या-मुंबईत जुन्या रेकॉर्ड-सीडी विकणारे अजून आहेत. स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प बरं, तिथे डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के हिस्सा साइट ठेवते आणि बाकीचा मोठा भाग कलाकाराकडे जातो. बड्या कंपन्यांचा खजिना मात्र तिथे सापडणार नाही.

आणखी एक वाट आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. भारतात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चालीची मुदत वेगळी, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित. उलट अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, त्यांची पदं केव्हाच सर्वांची झाली. बंधन असेल ते फक्त अलीकडच्या मुद्रिकेवर. तेव्हा पन्नासच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या तबकडीवर किर्लोस्करांचं पद असेल, आणि चाल पारंपरिक असेल किंवा चाल लावणाराही तितकाच जुना असेल, तर ती फाइल तुम्ही निश्चिंत मनाने ठेवा. नाट्यगीतांच्या रसिकाला या नियमाचा जितका फायदा आहे तितका क्वचितच कोणाला.

शेवटी कापलेले पैसे, कारण चौघांपैकी एवढीच तक्रार आठवडाभरात सुटू शकते. ॲप फोनवरून काढून टाकल्याने सदस्यत्व बंद होत नाही. पैसे कुठल्या वाटेने गेले ते आधी बघा. यूपीआयने गेले असतील तर तुमच्या पेमेंट ॲपमधल्या 'ऑटोपे' विभागात ती परवानगी दिसेल, तिथून रद्द करा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सदस्यत्वांच्या यादीतून. कार्डाने असेल तर बँकेच्या संकेतस्थळावरून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आवर्ती पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यायला हवी. ती आली होती का, ते एसएमएस आणि ईमेलच्या स्पॅममध्ये जाऊन तपासा. आली नसेल तर तक्रार बँकेकडे. सूचना आली होती, पण रद्द करण्याचं बटण पाच पडद्यांच्या आड दडवलेलं असेल, तर तो वेगळा मामला: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार बेकायदा ठरवले, त्यात सदस्यत्वाचा सापळा आणि वेषांतर केलेली जाहिरात हे दोन्ही आहेत. १९१५ वर फोन करा किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या संकेतस्थळावर नोंदवा. सोबत रद्द करायला जाताना लागलेल्या प्रत्येक पडद्याचा फोटो, पैसे कापल्याची तारीख आणि सदस्य होताना दाखवलेलं वचन जोडा. गाणी गायब झाल्याचं आणि भावगीताचं त्यात लिहू नका. तक्रार एकाच मुद्द्याची असली की ती बघणाऱ्याला पुढे ढकलायला जागा राहत नाही.